पहिल्या दिवसाची चार पावलं

सोमवार, दुपार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, हे मला माहीत आहे. खुशाल फाड. फक्त त्याआधी दोन्ही पायांचे घोटे दहा वेळा हलव. पंजा स्वतःकडे ओढायचा, मग लांब ढकलायचा. दुखऱ्या पायाचासुद्धा. झाले दहा? आता फाडलंस तरी माझं अर्धं काम झालं.

काल तुझ्या लेकीने फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तुला न सांगता. तिला रागावू नकोस. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून तू घसरलीस, मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, शनिवारी ऑपरेशन होऊन आत सळई बसली, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन छान झालंय, आजच उभं राहायला हवं. पण आई कुणाला हात लावू देत नाही. म्हणते, आजीला दुसऱ्याच दिवशी उठवलं आणि चौथ्या दिवशी ती गेली, मला कुणी उठवायचं नाही."

मी तेव्हा वॉर्डच्या मधोमध उभी होते, एका हातात कुणाचा तरी वॉकर. वॉकर त्याच्या मालकाला द्यायचा विसरून मी तो घेऊनच बाहेर गेले. आत तो बिचारा एका पायावर उभा.

हो, मी अजून तिथेच आहे. तोच वॉर्ड, हाडांचा, बारा खाटा. पायाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उभं करायचं, हेच माझं काम. पेशंट मला अजून हवालदारीण म्हणतात. मागून म्हणतात असं त्यांना वाटतं. सध्या चार नंबरला एक म्हातारे बस कंडक्टर आहेत, गुडघा नवा बसवलेला. उभे राहिले की गोठतात. काल मी मागून ओरडले, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे." तीस वर्षं स्वतः म्हटलेलं वाक्य कानावर पडल्यावर माणूस आपोआप सरकला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बाई, हा माझा डायलॉग आहे."

तुझ्यावर असली युक्ती चालणार नाही, म्हणून सरळच लिहिते. पडून राहिलेल्या पायात रक्त साकळतं. छातीत कफ धरतो. पाठीला जखमा होतात, भूक मरते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माणसाला उठायची इच्छाच राहत नाही. सळई पक्की आहे, तुझा भार ती घेईल. दुखेल. खूप दुखेल. पण तो दुखरेपणा मोडण्याचा नाही, हे तुला तिथल्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं असेलच. त्याचं ऐक. कोवळा मुलगा आहे म्हणे, तुझ्यासमोर त्याची बोबडी वळते. त्याला जरा सांभाळून घे.

मी स्वतः आले असते, एका दिवसाचा तर प्रवास. पण मला दारात बघून तू उठायचं सोडून भिंतीकडे तोंड फिरवशील, आणि कुशीवर वळायला तुला अजून परवानगी नसेल.

त्या वेळच्या गोष्टींबद्दल मी काही लिहीत नाही. तुला जे म्हणायचं होतं ते तू तेव्हा म्हणालीस, मी ऐकून घेतलं, ते तिथेच राहू दे. मी फक्त पायाबद्दल लिहिते आहे.

धाकटी


बुधवार, सकाळ

ताई,

तू पत्र फाडलं नाहीस. लेक सांगत होती की माझं नाव काढलं की तू पांघरूण ओढून घेतेस, पण कागद हातात आला की तुला वाचल्याशिवाय राहवत नाही. शेवटी बत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाई तू. लाल पेन मागवलंस, पत्र तपासलंस आणि खाली मार्क दिलेस: दहापैकी चार. शेरा: "मुद्दा टाळला आहे."

लेकीने हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

घोटे हलवतेस हे ऐकून बरं वाटलं. पण उठत नाहीस. काल त्या मुलाने तुला काठावर बसवायचा प्रयत्न केला तर तू त्याला म्हणालीस, "माझ्या बहिणीनेही आईला असंच गोड बोलून उठवलं होतं." पोरगं पाच मिनिटं बाहेर बाकावर जाऊन बसलं होतं म्हणे.

बरं. मुद्द्याच्या जवळ येते.

माणसाला उठवायची माझी एक रीत आहे, तुला बहुतेक माहीत नसेल. मी त्याला काठावर बसवते, पाय खाली सोडायला लावते, कमरेला रुंद पट्टा बांधते. मग सांगते, "मी एक-दोन-तीन म्हणेन, तीनवर उठायचं." आणि दोनवरच उचलते. कारण तीन येईपर्यंत माणूस अंग ताठ करतो, श्वास रोखतो, नको म्हणायची तयारी करतो. दोनवर तो बेसावध असतो. उभा राहिल्यावर शिव्या देतो, पण उभा असतो. निम्मा वॉर्ड मी असा फसवून उभा केला आहे.

आईला ही रीत ठाऊक होती. मीच घरी येऊन रोज मजेने सांगायची ना. आम्ही दोघीच राहायचो, दुसरं बोलणार काय? वॉर्डमधल्या गोष्टी तिला नाटकासारख्या लागायच्या. कोण किती रडलं, कुणी मला काय नाव ठेवलं, सगळं तिला पाठ. त्यामुळे ती स्वतः आमच्याच वॉर्डात खाटेच्या काठावर बसली आणि मी "एक" म्हटलं, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दोनवर उचलतेस. मला फसवू नकोस."

माझ्या हातात जे एकुलतं हत्यार होतं त्याची धार मीच घरी बसून घालवली होती.

मला कंडक्टरकडे जायचं आहे. आज त्यांना जिना शिकवायचा आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पुढचं संध्याकाळी लिहीन. लिहीन की नाही माहीत नाही, पण असं म्हणून ठेवते.


बुधवार, संध्याकाळ

वरचं पान तसंच ठेवते. ते पाठवायचं, त्यात अजून थोडी फिरवाफिरवी करायची असा विचार होता. आता त्याला वेळ नाही.

दुपारी लेकीचा पुन्हा फोन आला. तुझी पोटरी सुजली आहे, डॉक्टरांनी शिरांची तपासणी सांगितली आहे, आणि तुला खोकला लागला आहे. ती रडत नव्हती, ताई. आवाज अगदी सपाट होता. आई गेली त्या दिवशी माझा आवाज असाच झाला होता.

म्हणून या पानांचे फोटो काढून मी तिच्या फोनवर पाठवते आहे, ती छापून तुझ्या हातात देईल. म्हणजे तीही वाचणार. वाचू दे.

मी आईला उठवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. तू फाइलमध्ये जो कागद वाचलास, "पहिला दिवस: उभे केले, चार पावले. दुसरा दिवस: दहा पावले. तिसरा दिवस: दारापर्यंत", त्यावरचं अक्षर माझं आहे आणि त्यातलं एकही पाऊल आईने टाकलेलं नाही.

आता नीट सांगते. तिलाही तुझ्यासारखंच झालं होतं, खुब्यापाशीच. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा ओढला, तिला काठावर बसवलं. ते दोनवर-तीनवरचं झालं. मग मी तिला खरोखर उठवायला लागले आणि ती ओरडली. मी हजार माणसांचं ओरडणं ऐकलं आहे, ते कानात शिरत नाही. हे शिरलं. तेवढ्यात तुझा फोन वाजला, मी तो स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला. तू तिला "नको गं, नको" म्हणताना ऐकलंस आणि मग फोन बंद झाला. इतकी वर्षं तुला वाटत आलं की फोन बंद झाल्यावर मी तिला आणखी ओढलं. मी ओढलं नाही. मी तिचे पाय उचलून परत गादीवर ठेवले.

ती म्हणाली, "हवालदारीण पडद्याबाहेर ठेव, आणि माझी मुलगी होऊन ये."

मी आले.

"उद्या उठते," ती म्हणाली. आमच्या वॉर्डात उद्या हा शब्द चालत नाही. मीच तो बंद केलेला. पेशंट उद्या म्हणाला की मी म्हणते, उद्या माझी सुट्टी आहे. तिला मी म्हटलं, "बरं, उद्या."

आणि मग मी कागद भरला. हे तुला समजणं मला सगळ्यात गरजेचं आहे, म्हणून सावकाश वाच. त्या कागदावर पहिल्या दिवसाचा रकाना कोरा राहिला असता तर संध्याकाळी दुसरा कुणीतरी आला असता. तोही माझाच नियम. एकाला जमलं नाही तर दुसऱ्याने जायचं, कोरा रकाना ठेवायचा नाही. माझ्या हाताखालच्या मुलीने तिला उठवलं असतं. ती मुलगी चांगली आहे, हलक्या हाताची, आणि आईला तिने न सांगताच दोनवर उचललं असतं. पण मला तिला परत तसं ओरडू द्यायचं नव्हतं. म्हणून मी लिहिलं, चार पावलं. कुणी येऊ नये म्हणून लिहिलं. माझ्या आईचं भलं करू शकणारा प्रत्येक माणूस मी एका ओळीने पडद्याबाहेर थांबवला.

डॉक्टर फेरीला आले, कागद बघून म्हणाले, "वा आजी, चाललात म्हणे?" आई म्हणाली, "चालले की. तुमच्या हवालदारणीसमोर कुणाची टाप आहे?" आणि पांघरुणाखाली माझा हात दाबला. तिला फार मजा वाटली. शाळा बुडवल्यावर वाटावी तशी.

ताई, ते तीन दिवस फार चांगले गेले. मी तिचे केस विंचरले, नखं कापली, पाठ पुसून दिली. बायका-बायका बसतात तशा आम्ही बसलो. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही अशा बसलोच नव्हतो, मी दमून यायची आणि ती जेवण झाकून ठेवून वाट बघायची. ती तुझ्याबद्दलच बोलायची. तू मला शाळेत घेऊन जायचीस आणि शेवटच्या बाकाखाली बसवायचीस, कारण मी घरी राहतच नव्हते. बाईंनी विचारलं की तुझ्यामागे हे काय लोंबतंय, तेव्हा तू म्हणालीस, शेपूट आहे, कापता येत नाही. हे तिने मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "तुझ्या ताईने तुला माझ्यापेक्षा जास्त वाढवलं," म्हणाली. घोटे हलव असं मी मध्ये मध्ये म्हणायची, ती चार वेळा हलवून म्हणायची, झाले दहा.

दुसऱ्या दिवशी रकान्यात दहा पावलं. तिसऱ्या दिवशी दारापर्यंत. खोटं एकदा लिहिलं की त्याची तब्येत दिवसेंदिवस सुधारावी लागते.

चौथ्या दिवशी सकाळी मी ठरवून गेले की आज उठवायचंच. ती पण तयार होती. काठावर बसली. पट्टा बांधला. ती म्हणाली, "दोनवर की तीनवर?" मी म्हटलं, "तीनवर. शप्पथ." मी एक म्हटलं. दोन म्हटलं. ती म्हणाली, "थांब गं, छातीत कसंतरी होतंय."

तीन मी म्हटलंच नाही.

पायातली रक्ताची गाठ वर सरकून छातीत गेली होती. अर्ध्या तासात सगळं संपलं. ती जाईपर्यंत कमरेचा पट्टा सोडायचं कुणाला सुचलं नाही, नंतर तो मीच सोडला.

तू दुसऱ्या दिवशी पोचलीस, फाइल मागितलीस, वाचलीस. वॉर्डच्या बाहेर, माझ्या माणसांसमोर, तू मला म्हणालीस, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. चालवून चालवून मारलंस तिला." मी गप्प राहिले. तुला वाटलं, गुन्हा कबूल आहे. कबूलच होता, फक्त दुसरा होता. चालवून मारलं हे ऐकून घेणं मला सोपं गेलं, कारण त्यात निदान मी माझं काम केलं होतं. न चालवता मारलं हे तोंडातून काढलं असतं तर मग माझ्यापाशी काहीच उरत नव्हतं. गप्प राहण्याचं आणखी एक कारण होतं. ते माझ्यापाशीच राहू दे.

नंतर एकदा डॉक्टरांना मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, पहिल्या दिवसापासून चालवलं तरी एखाद्याला गाठ होतेच, आणि न चालवलेल्यांतले कितीतरी ठणठणीत घरी जातात. मग म्हणाले, पण म्हणून कुणी चालवायचं थांबवत नाही ना. त्यांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग मी बरीच वर्षं उशाशी घेऊन झोपले. दुसरा अर्धा माझ्यासोबत कामावर येतो. त्यानंतर मी एकालाही उद्यावर सोडलेलं नाही, ताई. रडणाऱ्याला नाही, हात जोडणाऱ्याला नाही.

आता तुझ्याबद्दल. आई उठल्यामुळे गेली ही जी भीती धरून तू पडून आहेस, ती भीती माझ्या खोट्या अक्षरातून आली आहे. तिला पाया नाही. तपासणी होऊ दे, आणि डॉक्टर हो म्हणाले की त्याच मिनिटाला ऊठ. माझा राग आला असेल तर उभं राहून कर. माझं तोंड बघायचं नसेल तर भिंतीपर्यंत चालत जा आणि भिंतीकडे तोंड फिरव. मला दहापैकी शून्य दे. पण ऊठ.

आईचा तो मूळ कागद उद्या कुरिअरने पाठवते. तू तेव्हा माझ्या अंगावर फेकला होतास, तो मी ठेवला आहे. सोबत एक कोरा कागदही पाठवते, तुझ्यासाठी, मी हाताने रकाने आखलेला. तुझा पहिला दिवस केव्हाच होऊन गेला, ताई, पण तो रकाना मी कोराच ठेवला आहे. त्यात लेकीला भरू दे. मी भरलेलं तू कशाला मानशील?

धाकटी


शुक्रवार

ताई,

लेकीचा फक्त एक निरोप आला आहे. "तपासणी ठीक. गाठ नाही. आईने सगळं वाचलं. बोलत नाहीये."

गाठ नाही, हे वाक्य मी वीस वेळा वाचलं. त्यानंतरचंही वाचलं.

आज कंडक्टर घरी गेले. जिना तीनदा चढून-उतरून दाखवला. मी मागे राहिले होते, कुठे बघत होते कुणास ठाऊक, तर वरच्या पायरीवरून म्हणाले, "बाई, पुढे सरका." सगळा वॉर्ड हसला. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तो कोरा कागद भरला का? नसेल भरला तर नुसतं एवढं कळव, की बसलीस का काठावर. एवढंच. पाय खाली सोडून बसलीस तरी चालेल. चक्कर येईल, पहिल्यांदा सगळ्यांनाच येते, समोर एका ठिकाणी नजर धरायची आणि बोलत राहायचं. तू तर बोलशीलच. त्या मुलाला काहीही बोल, पण बोलत राहा.


पुढचा मंगळवार

ताई,

तुझं पाकीट आज वॉर्डमध्ये आलं. मी सगळ्यांना उभं करून, बसवून, शेवटच्या पेशंटचं झाल्यावर उघडलं, कारण उघडल्यावर माझा मला भरवसा नव्हता.

आधी तुझा कागद बघितला. लेकीचं अक्षर. "पहिला दिवस: उभी राहिली, चार पावलं. रडली. त्या दादाला दोनदा मूर्ख म्हणाली." आणि पुढे लाल शाईत तुझी सही, तपासून बरोबर असल्याची. मी ती चार पावलं बोटाने मोजल्यासारखी वाचली. माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलं, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, "माझी बहीण चालली." तिने टाळी वाजवली. तिला काही माहीत नाही.

मग आईचा कागद काढला. तू तो तपासला आहेस. माझ्या तिन्ही ओळींवर लाल रेघ, आणि प्रत्येकीसमोर तुझ्या सुरेख अक्षरात, "झोपून." "झोपून." "झोपून." सहा वर्षांनी तो कागद खरा झाला. मला वाटलं होतं की शून्य दिलं असशील. मार्क दिलेच नाहीस.

आणि मग खाली, रकान्यांच्या बाहेर, तू एक ओळ वाढवली आहेस. "पहिला दिवस, फोनवर: सोड तिला, झोपू दे, राक्षसीण आहेस का. — मी."

हेच ते दुसरं कारण होतं, ताई. तू तेव्हा काय म्हणालीस ते मी पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं. तू ते रागाच्या भरात बोललीस, मग फोन बंद झाला, पुढे इतकं सगळं झालं. मला वाटलं, तू विसरली असशील. मी खरं बोलले असते तर तुझा तो फोन मध्ये आला असता, म्हणून मी सहा वर्षं तोंड उघडलं नाही. आणि आता तुला चालवायला म्हणून उघडलं, तर तुझा पाय मोकळा झाला, पण हे तुझ्या गळ्यात पडलं.

दोन दिवस सुट्टी टाकून, आत्ताच्या आत्ता गाडीत बसून तुझ्याकडे यावं असं मनात आलं. तेवढ्यात तुझी चिठ्ठी दिसली, चतकोर कागदाची. "येऊ नकोस. तुला समोर बघणं मला अजून जमणार नाही. स्वतःला आरशात बघणंही जमत नाहीये. पावलं कळवत जाईन."

नाही येत. तू म्हणशील तेव्हाच येईन, आणि कधीच नाही म्हणालीस तरी ते मला मान्य आहे.

फक्त ती शेवटची ओळ खोड. लाल पेन तुझ्याच हातात आहे. ती ओळ त्या कागदावर असायला नको. फोनवर लांबून बोलणाऱ्या माणसाला काय ठाऊक? ठाऊक असणारी मी होते. पट्टा माझ्या हातात होता.

इथे मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं. वरती ते गिरगटून खोडलेलं तुला दिसेल, आणि तू उजेडाला धरून वाचशीलच, म्हणून सांगूनच टाकते. मी लिहिलं होतं, "तुझा फोन आला नसता तरी मी तिला उठवलं नसतं." लिहून झालं, पाकीट बंद केलं, मग परत उघडलं. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही, ताई. कदाचित उठवलं असतं. तिचं ओरडणं ऐकून हात थांबला होता हे खरं, पण मी तो पुन्हा पुढे करणार होते, आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यानंतरचं कुणालाच कधी कळणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून ते वाक्य ठेवावं असं फार वाटलं. आईला बरं वाटावं म्हणून मी एकदा असंच लिहिलं होतं.

तेव्हा ती ओळ खोडायची की नाही, ते तूच ठरव. मी नुसती विनवणी करते आहे.

उद्या बाथरूमपर्यंत जायचं. वॉकर आधी, मग दुखरा पाय, मग चांगला. त्या मुलाला सांग, मोजायचं असेल तर तीनपर्यंत मोज आणि तीनवरच उचल. तू दोनवर तयार नसतेस. आपल्या घरात कुणीच नव्हतं.

तुझी,
शेपूट